नव्या तंत्रज्ञान कंपनीचे वेगळेपण कसे घडवावे

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान चालवत होते. दुरुस्त करून दिलेले संगणक त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा परत येत, कारण त्यांत व्हायरस शिरलेला असे. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी हे व्हायरस काढून टाकणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातूनच पुढे ‘क्विक हील’ उभी राहिली. २००७ मध्ये कंपनीने उत्पादनाचेच नाव स्वतःला घेतले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. व्हायरस काढणारी परदेशी उत्पादने तेव्हाही बाजारात होती आणि त्यांच्यामागे मोठे भांडवल होते. परंतु आपल्याकडच्या संगणकांत कोणता व्हायरस फिरतो आहे, हे ज्या टेबलावर सर्वांत आधी कळत होते ते टेबल काटकर बंधूंचे होते.

वेगळेपण घडवण्याचा विचार करताना मला ते टेबल फार महत्त्वाचे वाटते. नवी कंपनी सुरू करणारे अनेक जण वेगळेपणाचा विचार बोधचिन्ह, रंग आणि घोषवाक्य यांपासून सुरू करतात, आणि उत्पादन तयार झाल्यावर ‘आता आपण वेगळे कसे दिसू’ असा प्रश्न विचारतात. तोपर्यंत उशीर झालेला असतो. आपण कोणाचे काम हाती घेतो, ते किती जवळून पाहतो आणि कोणते काम नाकारतो, या तीन निर्णयांतून वेगळेपण तयार होते. दिसण्याचा भाग त्यानंतर येतो. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. दोन ते दहा माणसांची कंपनी असलेल्या किंवा लवकरच सुरू करणाऱ्या वाचकांसाठी हे लेखन आहे.

पहिली पायरी: ग्राहकांची नावे कागदावर लिहिता येतील इतका गट लहान करा

‘तुमचा ग्राहक कोण?’ या प्रश्नाला नवे संस्थापक बहुधा ‘सर्व लघुउद्योग’ किंवा ‘देशभरातील शेतकरी’ असे उत्तर देतात. बाजारपेठ मोठी दिसावी, ही त्यामागची इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु एवढ्या मोठ्या गटासाठी केलेली वस्तू त्यातील कोणाच्याच कामात नीट बसत नाही, आणि त्या गटासाठी आधीपासून काम करणाऱ्या, आपल्यापेक्षा शंभरपट पैसा असलेल्या कंपन्यांशी पहिल्याच दिवशी स्पर्धा सुरू होते.

या लेखात मी एकच काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत वापरणार आहे. नाशिकच्या तीन तरुण अभियंत्यांना शेतीसाठी मोबाइल अ‍ॅप तयार करायचे आहे, असे समजू. हवामान, बाजारभाव आणि पीकसल्ला देणारी अ‍ॅप्स आधीच पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी बरीच मोफत आहेत. म्हणून त्यांनी आपला गट लहान करायला हवा. शेतकऱ्यांऐवजी द्राक्ष बागायतदार, त्यातही निर्यात करणारे, आणि शेवटी प्रत्यक्ष ग्राहक म्हणून निफाड व दिंडोरी तालुक्यांतील अशी पॅकहाउसे, जी अनेक बागायतदारांकडून माल घेऊन युरोपला पाठवतात.

या गटाची अडचण अगदी नेमकी आहे. युरोपीय संघात प्रत्येक कीटकनाशकाच्या अंशाची कमाल मर्यादा ठरलेली असते आणि ती ओलांडली की माल नाकारला जातो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते आणि त्याचा फटका नाशिकच्या बागायतदारांनी व निर्यातदारांनी सोसला होता. अपेडाची, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेची, ‘ग्रेपनेट’ ही माग काढण्याची व्यवस्था २००६ पासून आहे, त्यामुळे नोंदणी केलेल्या बागेपासून पेटीपर्यंतची साखळी तिथे जोडलेली असते. परंतु कोणत्या बागेत कोणत्या तारखेला काय फवारले, ही मूळ नोंद आजही अनेक ठिकाणी बागायतदाराच्या वहीत किंवा त्याच्या आठवणीत असते. पॅकहाउसच्या व्यवस्थापकाची झोप याच नोंदीमुळे उडते.

गट पुरेसा लहान झाला आहे का, हे तपासण्याची एक साधी कसोटी आहे. एका दिवसात, फोन आणि ओळखी वापरून, त्या गटातील पन्नास ग्राहकांची नावे हाताने लिहून काढता आली पाहिजेत. यादी दहावर थांबली तर गट फार लहान आहे किंवा आपल्याला त्या क्षेत्राची ओळख नाही. यादी कुठून सुरू करावी हेच कळत नसेल तर गट अजून मोठा आहे. पुण्याच्या ‘पर्सिस्टंट सिस्टिम्स’ने १९९० मध्ये सुरुवात केल्यानंतर दीर्घकाळ अशीच मर्यादा पाळली. सॉफ्टवेअर हेच ज्यांचे विक्रीचे उत्पादन आहे, अशा कंपन्यांसाठी उत्पादन घडवून देण्यावर तिने भर दिला, आणि बँका किंवा विमान कंपन्यांच्या अंतर्गत प्रणाली सांभाळणाऱ्या मोठ्या सेवा कंपन्यांच्या गर्दीत तिची ओळख वेगळी राहिली.

दुसरी पायरी: खरा प्रतिस्पर्धी ओळखा

प्रतिस्पर्ध्यांची यादी करताना नवे उद्योजक आपल्यासारख्याच कंपन्या शोधतात. आपल्या उदाहरणातील तिघे शेतीविषयक अ‍ॅप्सची नावे लिहितील. परंतु पॅकहाउसमध्ये जाऊन बसले तर त्यांना दिसेल की त्यांची स्पर्धा तीन गोष्टींशी आहे: बागायतदाराची वही, व्यवस्थापकाच्या संगणकातील एक्सेलचा तक्ता आणि फवारणीच्या डब्याचे छायाचित्र ज्यावर टाकले जाते तो व्हॉट्सअ‍ॅपचा गट. या तिन्ही गोष्टी फुकट आहेत, सर्वांना वापरता येतात आणि त्यांच्यामुळे आजवर काम कसेबसे निभावले आहे. नव्या उत्पादनाला आधी यांच्यापेक्षा सरस ठरावे लागते. दुसऱ्या अ‍ॅपचा क्रमांक नंतर लागतो.

म्हणून किमान दोन आठवडे ग्राहकाच्या जागेवर घालवा. द्राक्षांच्या बाबतीत हे काम हंगामात, म्हणजे साधारणपणे जानेवारी ते एप्रिल या काळात करावे, कारण ताण असतानाच माणसे खरी कशी वागतात ते दिसते. ‘असे अ‍ॅप मिळाले तर वापराल का?’ हा प्रश्न विचारू नका. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला कोणी ‘नाही’ म्हणत नाही. चहा देऊन ‘चांगली कल्पना आहे’ असे सांगतील, आणि त्या उत्तरावर तुम्ही वर्षभर काम कराल. त्याऐवजी झालेल्या घटनेविषयी विचारा. मागच्या वेळी प्रयोगशाळेचा अहवाल नापास आला तेव्हा काय केले? कोणाला फोन केला? फवारणीची नोंद मिळायला किती वेळ लागला? त्या मालाचे पुढे काय झाले आणि किती रुपये गेले? अशी वीस संभाषणे झाली की तीच तीच वाक्ये ऐकू येऊ लागतात. ती ग्राहकाच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढे चौथ्या पायरीत तीच उपयोगी पडणार आहेत.

दुसऱ्या कंपन्यांचाही अभ्यास करायचा आहे, पण तो त्यांच्या जाहिरातीवरून करू नये. त्यांचे उत्पादन पैसे देऊन विकत घ्या आणि महिनाभर वापरा. अ‍ॅप असेल तर त्याला दोन किंवा तीन तारे देणाऱ्यांचे अभिप्राय वाचा. पाच तारे देणारे कारण सांगत नाहीत आणि एक तारा देणारे रागात असतात, मधले लोक मात्र काय आवडले आणि कुठे अडले ते सविस्तर लिहितात. त्यानंतर तुलनेचा तक्ता करा. या तक्त्यात आपल्यासमोर सगळ्या बरोबरच्या खुणा आणि इतरांसमोर फुल्या, असे चित्र दिसत असेल तर तक्ता खोटा आहे. ज्या बाबतीत प्रतिस्पर्धी आपल्यापेक्षा उजवा आहे अशा किमान तीन ओळी त्यात असल्याच पाहिजेत. त्या ओळींतली कामे आपण करणार नाही, हे मान्य करणे हा वेगळेपणाचाच भाग आहे.

तिसरी पायरी: वेगळेपण कोणत्या एका गोष्टीत आहे ते ठरवा

येथे सर्वाधिक वेळ द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण बहुतेक नव्या कंपन्या याच ठिकाणी घाई करतात. ‘उत्तम सेवा’, ‘अत्याधुनिक तंत्रज्ञान’, ‘वापरायला सोपे’, ‘कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित’ असे चार-पाच शब्द एकत्र ठेवले की वेगळेपण सांगून झाले, असे त्यांना वाटते. त्यांपैकी प्रत्येक शब्द उलटा करून पाहा. ‘आम्ही वाईट सेवा देतो’ असे कोणतीही शहाणी कंपनी म्हणणार नाही. म्हणजे ‘उत्तम सेवा’ हे वेगळेपण नाही, ती किमान अपेक्षा आहे. याउलट ‘आम्ही फक्त निर्यातीच्या द्राक्षांसाठी काम करतो’ हे वाक्य उलटे केले तर ‘आम्ही सर्व पिकांसाठी काम करतो’ असे होते, आणि तसे म्हणणाऱ्या चांगल्या कंपन्या खरोखर आहेत. जिथे उलट बाजूलाही समंजस माणसे उभी असतात, तिथेच आपण काहीतरी निवडलेले असते.

दुसरी कसोटी अधिक कठीण आहे. प्रतिस्पर्ध्याने आपली नक्कल करायची ठरवली, तर त्याला त्याची किंमत मोजावी लागेल का? या बाबतीत ‘झिरोधा’चे उदाहरण मनापासून अभ्यासण्यासारखे आहे. २०१० मध्ये बंगळूरुमध्ये सुरू झालेल्या या शेअर दलाली कंपनीने व्यवहाराच्या रकमेच्या टक्केवारीऐवजी प्रत्येक सौद्याला २० रुपये असा ठरावीक दर लावला. समजा एखाद्याने पाच लाख रुपयांचा सौदा केला आणि दलालाचा दर ०.३ टक्के असला, तर १,५०० रुपये द्यावे लागत. तेच काम येथे २० रुपयांत होत होते. हा दर कोणालाही दिसत होता आणि लावायला तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नव्हता. तरीही जुन्या दलालांना तो लगेच लावता येत नव्हता, कारण त्यांच्या शाखा, त्यांचे उपदलाल आणि त्यांचे सल्लागार हे सगळे त्या टक्केवारीवर जगत होते. नक्कल करायची म्हणजे स्वतःचेच उत्पन्न कापायचे. २०१५ च्या अखेरीस कंपनीने शेअर खरेदी करून स्वतःकडे ठेवणाऱ्यांसाठी दलाली पूर्णपणे बंद केली, तेव्हा ही दरी आणखी रुंदावली. स्वस्त असणे एवढेच यातून शिकायचे नाही. किंमत कमी करणे हे भांडवल असलेला कोणीही करू शकतो, आणि नव्या कंपनीने केवळ दर पाडून उतरणे मला धोक्याचे वाटते. येथे किंमत आकारण्याची पद्धतच अशी बदलली होती की मोठ्यांचा मोठेपणा त्यांच्याच पायात आला.

वेगळेपण उत्पादनाच्या रचनेतही असू शकते. १९८६ मध्ये बंगळूरुच्या गोएंका पिता-पुत्रांनी ज्या कंपनीची सुरुवात केली तिचे ‘टॅली’ हे हिशेबाचे सॉफ्टवेअर देशभरातील दुकानांत पोहोचले, त्याचे एक मोठे कारण असे होते की त्यात खात्यांना सांकेतिक क्रमांक लावावे लागत नव्हते. संगणकाच्या सोयीसाठी ‘पाटील ट्रेडर्स’चे ‘४१०७’ करायचे आणि मग ते लक्षात ठेवायचे, हा व्याप तिथे नव्हता. मुनीम वहीत जसे नाव लिहीत असे तसेच नाव येथे लिहिता येई. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कष्ट वाढवून घेतले आणि हिशेबनिसाचे कमी केले. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्राउझरस्टॅक’ने वेगळीच गोष्ट निवडली. वेबसाइट वेगवेगळ्या ब्राउझरांत नीट दिसते का, हे तपासताना संस्थापकांनाच त्रास झाला होता; म्हणून खरी यंत्रे आणि खरे मोबाइल स्वतः सांभाळून ते इंटरनेटवरून तपासणीसाठी उपलब्ध करून देण्याचे किचकट काम त्यांनी पत्करले आणि पहिली काही वर्षे बाहेरचे मोठे भांडवल न घेता ते वाढवले. इतरांना कंटाळवाणे वाटणारे काम मनापासून पत्करणे, हाही नक्कल रोखणारी भिंत बांधण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे.

आता नाशिकच्या तिघांकडे परत येऊ. त्यांच्यासमोर अनेक पर्याय आहेत: सर्वांत सुंदर अ‍ॅप, सर्वांत स्वस्त अ‍ॅप, उपग्रहाची छायाचित्रे, पिकाच्या उत्पादनाचा अंदाज. ही सगळी कामे मोठी कंपनी अधिक चांगली करील. परंतु गोडी छाटणीच्या, म्हणजे फळांसाठी केल्या जाणाऱ्या छाटणीच्या, दिवसापासून काढणीपर्यंत प्रत्येक बागेतील प्रत्येक फवारणीची नोंद गोळा करणे, त्या औषधाचा काढणीपूर्व प्रतीक्षा काळ, ज्याला बागायतदार सरळ ‘पीएचआय’ म्हणतात, तो संपला नसेल तर मजुरांची टोळी बागेत जाण्याआधीच व्यवस्थापकाला सूचना देणे, आणि आयात करणाऱ्या देशाच्या मर्यादा बदलल्या की आपली यादी लगेच सुधारणे, हे काम त्या तालुक्यांत राहणाऱ्या आणि रोज बागायतदारांना फोन करणाऱ्या कंपनीलाच जमेल. बागायतदार अ‍ॅप उघडणार नाही हे गृहीत धरून त्यांनी नोंद घेण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपवरील मराठी ध्वनिसंदेशातून केली, तर वहीशी असलेली स्पर्धाही जिंकता येईल. या पाचांपैकी हे एकच निवडावे आणि उरलेली चार कागदावर लिहून त्यांवर रेघ मारावी. ही रेघ मारताना जो त्रास होतो तो खरा असतो. तो झालाच नाही तर निवड झालेली नाही, असे समजावे.

चौथी पायरी: एक वाक्य लिहा आणि ते अनोळखी माणसाला वाचून दाखवा

या वाक्यात चार गोष्टी हव्यात: ग्राहक कोण, त्याच्यावर कोणती वेळ येते, त्या वेळी आपण काय करतो आणि आजच्या पद्धतीपेक्षा त्यात काय बदलते. आपल्या उदाहरणातील कंपनीचा पहिला मसुदा बहुधा असा असेल: ‘आम्ही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कृषी मूल्यसाखळीचे सक्षमीकरण करतो.’ हे वाक्य खत विकणाऱ्यालाही चालेल आणि कर्ज देणाऱ्यालाही. दुसरा मसुदा असा हवा: ‘युरोपला द्राक्षे पाठवणाऱ्या पॅकहाउसला काढणीच्या आदल्या दिवशीच आम्ही सांगतो की कोणत्या बागेतील माल अंशतपासणीत अडकू शकतो, आणि त्यासाठी बागायतदाराला नवे अ‍ॅप शिकावे लागत नाही.’ यात एकही भारदस्त शब्द नाही, परंतु व्यवस्थापक ते ऐकून पुढचा प्रश्न विचारेल.

वाक्य लिहून झाल्यावर ते त्या क्षेत्रातील, पण आपल्याला न ओळखणाऱ्या पाच जणांना वाचून दाखवा आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा की आम्ही काय करतो असे तुमच्या लक्षात राहिले. ते ज्या शब्दांत सांगतील, ते शब्द तुमच्या शब्दांपेक्षा सरस असतील तर संकोच न करता तेच घ्या. वेबसाइटची पहिली ओळ, विक्रीचे पत्र, फोनवरची ओळख आणि नव्या कर्मचाऱ्याला पहिल्या दिवशी दिलेली माहिती, या चारही ठिकाणी तेच वाक्य राहू द्या. आपल्याला त्याचा कंटाळा येतो तेव्हा बाजाराच्या कानावर ते जेमतेम पडू लागलेले असते.

पाचवी पायरी: पुरावा तयार करा

वेगळेपणाचा दावा करणे सोपे असते. नव्या कंपनीकडे मात्र नाव नसते, इतिहास नसतो आणि ग्राहकाचा संशय रास्त असतो. त्यामुळे पहिल्या पाच ग्राहकांकडे विक्री म्हणून पाहू नका, पुरावा गोळा करण्याची संधी म्हणून पाहा.

प्रथम, काम सुरू करण्यापूर्वीची स्थिती मोजा. हे बहुतेक जण विसरतात आणि नंतर किती सुधारणा झाली हे सांगायला आकडाच हाती नसतो. पॅकहाउसच्या बाबतीत मागील दोन हंगामांत किती नमुने नापास झाले, एका बागेची फवारणी नोंद मिळवायला किती तास लागले आणि काढणी किती वेळा पुढे ढकलावी लागली, हे तीन आकडे त्यांच्याच नोंदवहीतून घेऊन, तारखेसह लिहून, व्यवस्थापकाची सही घ्या.

दुसरे, थोडे तरी पैसे घ्या. फुकट दिलेली वस्तू माणसे वापरत नाहीत आणि तिच्यातील दोषही सांगत नाहीत. रक्कम लहान चालेल, पण आकारण्याची पद्धत ग्राहकाच्या कामाच्या चालीशी जुळली पाहिजे. द्राक्षांचे उत्पन्न हंगामात येते. त्यांना दरमहा वर्गणी मागितली तर जून महिन्यात ती बंद होईल. त्याऐवजी प्रत्येक हंगामासाठी किंवा पाठवलेल्या प्रत्येक कंटेनरमागे दर ठरवला तर तो त्यांच्या हिशेबात सहज बसतो, आणि दर महिन्याला पैसे मागणाऱ्या सर्वसाधारण सॉफ्टवेअरपेक्षा आपण वेगळे दिसतो.

तिसरे, कामाचे वेळापत्रक क्षेत्राच्या चक्राप्रमाणे आखा. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील छाटणीच्या वेळी नोंदी सुरू झाल्या नाहीत तर त्या हंगामाचा पुरावा हातचा जातो आणि पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते. शाळांसाठी जून, कर सल्लागारांसाठी जुलै, साखर कारखान्यांसाठी गाळपाचे महिने, असे प्रत्येक क्षेत्राचे दार ठरलेल्या वेळी उघडते आणि बंद होते. उत्पादन दोन महिने आधी अपुरे असले तरी चालेल. दार बंद झाल्यावर पूर्ण होऊन उपयोग नाही.

हंगाम संपला की मोजलेल्या आकड्यांवरून दोन पानांचा अहवाल लिहा आणि ग्राहकाच्या लेखी संमतीने तो पुढच्या ग्राहकाला दाखवा. त्यात काय चुकले तेही लिहा. तीन बागांच्या नोंदी वेळेवर आल्या नाहीत, असे प्रामाणिकपणे लिहिलेला अहवाल वाचणाऱ्याला उरलेले आकडेही खरे वाटतात. शिवाय कायद्याच्या दृष्टीनेही पुराव्याला महत्त्व आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुढे ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. ‘देशातील पहिले’ किंवा ‘सर्वांत अचूक’ असे लिहिण्यापूर्वी ते सिद्ध करणारा कागद आपल्या कपाटात आहे का, हे पाहावे. प्रतिस्पर्ध्याचे नाव घेऊन तुलना करायची असेल तर त्याची निंदा होणार नाही आणि प्रत्येक विधान तपासता येईल, इतकी काळजी घेतलीच पाहिजे.

विदेची, म्हणजे डेटाची, सुरक्षा हाही नव्या कंपनीला वेगळे उभे करणारा पुरावा आहे, आणि तो फार थोडे जण वापरतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार संमती मागताना दिली जाणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. ही सूचना बागायतदाराला समजेल अशा स्वच्छ मराठीत, एका पानात लिहून दिली, तर कायद्याचे पालन होते आणि ‘आमची माहिती कोणाला विकणार?’ या शंकेला पहिल्याच भेटीत उत्तर मिळते. ती शंका प्रत्येकाच्या मनात असते, कोणी बोलून दाखवत नाही इतकेच.

सहावी पायरी: नाव आणि नोंदणी

नावाबाबत थोडक्यात सांगतो. उत्पादनाचे केवळ वर्णन करणारे नाव, उदाहरणार्थ ‘द्राक्ष सॉफ्टवेअर’, ट्रेडमार्क म्हणून नोंदवणे अवघड जाते आणि कोणीही त्याच्या जवळपासचे नाव घेऊ शकतो. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर आधी शोध घ्या. तो विनामूल्य आहे. सॉफ्टवेअरसाठी सामान्यतः ९ वा वर्ग आणि इंटरनेटवरून दिल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअर सेवेसाठी ४२ वा वर्ग लागतो. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे, इतरांना ते ९,००० रुपये पडते. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येते. भारतीय पेटंट कायद्यानुसार संगणक प्रोग्रॅमला केवळ प्रोग्रॅम म्हणून पेटंट मिळत नाही, त्याला कॉपीराइटचे संरक्षण असते. त्यामुळे पेटंटच्या भिंतीवर विसंबून राहण्यापेक्षा तिसऱ्या पायरीतील भिंत पक्की करणे अधिक शहाणपणाचे आहे.

सातवी पायरी: जिथे विश्वास आधीच आहे तिथून पोहोचा

समाजमाध्यमांवरील जाहिरातींवर पहिले पैसे खर्च करू नका. आपल्या पन्नास जणांच्या यादीतील माणसे कोणाचे ऐकतात, ते शोधा. द्राक्षपट्ट्यात ती माणसे म्हणजे बागेत येणारे सल्लागार, औषधांचे दुकानदार, अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळांतील लोक आणि ज्याचा माल दरवर्षी पास होतो असा गावातील एखादा बागायतदार. क्विक हीलच्या वाढीतही संगणक विकणारे आणि दुरुस्त करणारे गावोगावचे विक्रेते महत्त्वाचे ठरले. ग्राहकाचा संगणक बिघडला की तो त्यांच्याकडेच जात होता. या माणसांना कमिशन देण्याआधी उपयोगी ज्ञान द्या. दर पंधरवड्याला बदललेल्या अंश-मर्यादांचे एक पानी मराठी पत्रक छापून सल्लागारांना दिले, तर ते पत्रक त्यांच्या खिशात राहील आणि त्यावरचे आपले नावही. झिरोधाने शेअर बाजाराचे धडे ‘व्हर्सिटी’ या नावाने सर्वांना विनामूल्य दिले, तेही याच जातीचे काम आहे.

सरकारी पाठबळ घ्यावे, पण त्याच्या मर्यादा जाणून घ्यावे. जानेवारी २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार्टअप इंडिया’खाली मान्यता घेतली तर काही सवलती मिळतात आणि सरकारी खरेदीत पूर्वानुभव व उलाढाल यांच्या अटी शिथिल होऊ शकतात. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील ‘व्हेंचर सेंटर’ किंवा आयआयटी मुंबईचे ‘साइन’ यांसारख्या केंद्रांत जागा, सल्ला आणि अनुभवी माणसे भेटतात. मान्यतेचे प्रमाणपत्र मात्र वेबसाइटवर पहिल्या जागी लावू नका. ते आपल्या प्रतिस्पर्ध्याकडेही असते.

आठवी पायरी: नकारांची वही ठेवा

वेगळेपण बहुधा एका दिवसात हरवत नाही. चांगल्या ग्राहकांच्या रास्त मागण्या पूर्ण करता करता ते झिजते. माझ्या पहिल्या कंपनीत हे घडले. आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाने कामगारांची हजेरी आणि पगाराचा हिशेबही आमच्याच प्रणालीत हवा, अशी मागणी केली. ती नाकारण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. सहा महिने चौघे जण त्यावर खपलो, त्या काळात मूळ उत्पादनातील चुका तशाच राहिल्या, आणि त्या चुकांना कंटाळून तोच ग्राहक पुढच्या वर्षी निघून गेला. पगाराचे सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्या तेव्हाही पुष्कळ होत्या. आम्ही त्यांच्यातील सर्वांत कच्चे झालो होतो. तो निर्णय मला आजही बोचतो, म्हणून येथे लिहितो आहे.

त्यानंतर मी एक वही ठेवू लागलो. नाकारलेली प्रत्येक मागणी तिच्यात लिहायची: तारीख, कोणी मागितली, कोणत्या अडचणीतून मागितली आणि आपण कोणता दुसरा मार्ग सुचवला. नकार देताना ‘आम्ही ते करत नाही’ एवढ्यावर थांबू नये; ‘पगारासाठी अमुक प्रणाली चांगली आहे, तिच्यात आमची माहिती थेट जाईल अशी जोडणी करून देतो’ असे सांगितले तर ग्राहकाचे काम होते आणि आपली रेषाही राहते. त्याच वहीत मागच्या बाजूने गमावलेल्या ग्राहकांची नोंद करावी. नकार मिळाल्यावर महिनाभराने, विक्रीचा विषय न काढता, त्यांना फोन करून कोणाची निवड केली आणि का, एवढेच विचारावे. तीन जणांनी एकच कारण सांगितले तर ते कारण तिसऱ्या पायरीच्या कागदावर नेऊन पुन्हा विचार करावा.

ही वही दर सहा महिन्यांनी सर्व भागीदारांनी एकत्र बसून पहिल्या पानापासून वाचावी. द्राक्षांच्या उदाहरणात त्यांपैकी एका वाचनासाठी मे महिना योग्य आहे. माल गेलेला असतो, काढणीनंतरची खरड छाटणी उरकत आलेली असते आणि व्यवस्थापकांना बोलायला वेळ असतो. पन्नास जणांच्या मूळ यादीतील दहांहून अधिक जणांनी एकाच अडचणीतून एकच मागणी केलेली दिसली, तर ती नकारांच्या वहीतून काढून नव्या पानावर घ्यावी आणि पुढच्या गोडी छाटणीपूर्वी तिच्यासाठी दोन पॅकहाउसांत चाचणी ठरवावी.